देवीचा गेटपास

एकाच गेटवर साठ दिवस "कोणाकडे आलात?" असं विचारलं गेलं आणि साठही दिवस ज्याला उत्तर देता आलं नाही, त्या माणसाच्या स्वाभिमानाचं काय झालं असेल, याची कल्पना इंटर्नशिप न केलेल्यांना यायची नाही. मी ती केली आहे. रीतसर, प्रमाणपत्रासकट. ते प्रमाणपत्र आता आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आई ते वाचायला लावते. वाचून झाल्यावर प्रत्येक जण माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतो. त्याचं कारण प्रमाणपत्राच्या मजकुरात आहे, आणि मजकुराचं कारण एका नारळात आहे.

आमच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरला साठ दिवसांची इंटर्नशिप सक्तीची असते. कंपनीकडून ती पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणलं नाही, तर डिग्री एक वर्ष पुढे जाते. वर्गातली हुशार मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला गेली. मला मात्र रत्नागिरीपासून एस.टी.ने पाऊण तासावरच्या कातळकोंड गावात असलेल्या सप्तसिंधू इंडस्ट्रीज या कंपनीचं पत्र आलं. कंपनी केवढी तर तिच्या कुंपणाची भिंत संपायला एस.टी.ला तीन थांबे लागतात. ती नेमकं काय बनवते हे मी तिथे साठ दिवस काढूनही खात्रीने सांगू शकत नाही. बाहेरच्या फलकावर 'सोल्युशन्स' असं लिहिलेलं आहे.

पत्र आलं तेव्हा आईने ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग शेजारच्या श्रीपतीकाकांना दाखवलं. काका पोस्टातून निवृत्त झालेले. आमच्या आळीत कुठलाही कागद आला की त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्याला कागदपण येत नाही. त्यांनी पत्र उजेडात धरलं, शिक्का तपासला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"सही वाचता येत नाहीये," ते म्हणाले. "म्हणजे माणूस मोठा असणार. याच्या हाताखाली राहिलास तर आयुष्याचं भलं होईल. पहिल्या दिवशी याला जाऊन वाकून नमस्कार कर."

पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, नवे बूट आणि वाकायच्या तयारीत असलेली पाठ घेऊन मी गेटवर पोचलो. तिथे एका स्टुलावर पन्नाशी उलटलेला, अंगाने किडकिडीत असा एक माणूस बसला होता. त्याच्या अंगावरचा युनिफॉर्म दुसऱ्या कुणाच्या तरी मापाने शिवलेला होता. पुढ्यात लांबलचक रजिस्टर. हे लवूदादा.

"कोणाकडं आलाव?" त्यांनी विचारलं.

मी पत्र दाखवलं. त्यांनी सही बघितली आणि आत फोन लावला. बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" करून फोन ठेवला.

"ह्ये सायब गेले."

"कधी येतील?"

"गेले मंजे सोडून गेले. दुसऱ्या कंपनीत."

मग त्यांनी आणखी चार ठिकाणी फोन लावले. प्रत्येक ठिकाणी "आमच्याकडे कुणी इंटर्न येणार नव्हता" हेच उत्तर मिळालं. लवूदादांच्या रजिस्टरात सहा रकाने होते: नाव, कोठून, कोणाकडे, काम, आत, बाहेर. त्यांनी माझं नाव लिहिलं, रत्नागिरी लिहिलं, 'कोणाकडे'पाशी पेन थांबवलं, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि आडवी रेघ ओढली. इंटर्नला ओळखपत्र साठ दिवस पूर्ण झाल्यावर मिळतं आणि इंटर्नशिप साठ दिवसांचीच असते. त्यामुळे ही रेघ रोज सकाळी माझ्या नशिबी आली. कंपनीची बससुद्धा फक्त कर्मचाऱ्यांसाठी होती, आणि मी कर्मचारी नाही हे तर रजिस्टरातच लिहिलेलं होतं.

पहिले पंधरा दिवस जिथे खुर्ची रिकामी असेल त्या खात्यात मी बसलो. अकाउंट्समधला माणूस रजेवर गेला की मी अकाउंट्समध्ये, तो परत आला की स्टोअरमध्ये. या काळात मी आगीपासून बचावाची पुस्तिका इतक्या वेळा वाचली की आमच्या घरातला गॅस सिलिंडर मला मुळापासून चुकीच्या जागी ठेवलेला वाटायला लागला. आईला तसं सांगितल्यावर तिने मला सिलिंडरशेजारी बसवून भाजी निवडायला दिली.

सोळाव्या दिवशी एचआरच्या सानिका मॅडमना मी सापडलो. त्या मूळच्या सावर्ड्याच्या, स्वभावाने प्रेमळ, पण एकाच वेळी तीन फोनवर असायच्या.

"तुझ्याकडे लॅपटॉप आहे ना?" त्यांनी विचारलं. "मग तू आयटी."

अशा रीतीने माझं खातं ठरलं. गेटवरचं रजिस्टर बंद करून त्या जागी टॅबलेटवर पाहुण्यांची नोंद करायची सिस्टीम बसवायची, हा माझा प्रोजेक्ट. पाहुण्याने नाव घालायचं, फोटो काढायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा, की पास छापून बाहेर येतो. जाताना पास स्कॅन करायचा, की पाहुणा बाहेर. अट एकच होती. एक संपूर्ण दिवस रजिस्टरशिवाय सिस्टीम चालवून दाखवायची, आणि संध्याकाळी सहा वाजता पुण्याच्या हेड ऑफिसला जाणाऱ्या अहवालात 'आवारात शिल्लक पाहुणे: शून्य' असं आलं पाहिजे. शून्य आलं तर प्रमाणपत्र, नाही आलं तर पुढच्या वर्षी भेटू. चाचणीसाठी मॅडमनी मार्चमधला एक गुरुवार निवडला, कारण गुरुवारी पाहुणे फारसे येत नाहीत.

टॅबलेटचा स्टँड घेऊन मी गेटवर गेलो, तेव्हा लवूदादांनी काही न बोलता आपलं स्टूल हातभर मागे सरकवलं.

"ह्ये लिवायचं काम करणार," ते म्हणाले. "मग मी काय करायचं?"

"तुम्ही आहातच की, लवूदादा."

हे मी खोटं बोललो होतो. सिस्टीमच्या माहितीपत्रकात पहिलीच ओळ 'गेटवर माणूस नेमण्याची गरज नाही' अशी होती, आणि ते माहितीपत्रक माझ्या बॅगेत होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण डिग्री एक वर्ष पुढे गेली तर आईला आळीत काय काय ऐकावं लागेल तेही डोळ्यांसमोर होतं, म्हणून मी बॅगेची चेन नीट लावली आणि स्क्रू पिळायला बसलो.

आणि हा माणूस मला रोज दुपारी आपल्या डब्यातली ओल्या काजूगरांची उसळ द्यायचा. नुसत्या हॉर्नवरून गाडी कुणाची ते ओळखायचा. कोणता सप्लायर खरंच मीटिंगला आलाय आणि कोणता कॅन्टीनच्या जेवणाला, हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. माझ्या सिस्टीमला यातलं काहीच येत नव्हतं. तिला फक्त मोबाइल नंबर दहा आकडी आहे की नाही ते कळायचं.

चाचणीला आठवडा उरला असताना एका सकाळी लवूदादा स्वच्छ पांढरा सदरा घालून गेटवर उभे होते. ओंजळीत शेंडीचा नारळ, त्यावर हळदकुंकू.

"घेतास?" त्यांनी विचारलं.

आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे की वडील माणूस काही देत असेल तर नको म्हणू नये. त्यातून नारळ. मी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि बॅगेत टाकला. लवूदादा माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, पण मागून सिमेंटचा ट्रक गेला होता, त्यामुळे मी ते धुळीवर ढकललं.

घरी आईने नारळ बघितला. "देवाचा दिसतोय. म्हणजे प्रसादच," असं म्हणून तिने तो त्याच संध्याकाळी फोडला. आमच्या घरात फोडलेला नारळ रात्र बघत नाही. त्याच्या वड्या झाल्या. श्रीपतीकाकांनी चार खाल्ल्या आणि कंपनीतल्या लोकांशी असेच संबंध ठेव म्हणून उपदेश केला.

सोमवारी आईने डब्यात थोड्या वड्या घालून दिल्या. लवूदादांनी एक तोंडात टाकली.

"झकास. नारळ गोडा हाय. कुठला?"

"तुम्ही दिला होतात ना, तोच."

लवूदादांचं तोंड हलायचं थांबलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं. मग सावकाश उरलेली वडी गिळली, कारण आता तिचं दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"आरं, तो आईचा नारळ," ते म्हणाले. "नवलाईचा. आमच्या गावात शिमग्यात ज्यानं नारळ घेतलान त्यानं पालखी घेतलीन. पालखी त्याच्या दारात येनार."

"माझ्या? रत्नागिरीला?"

"तुला गेटात दिला. पालखी गेटात येनार. आत येनार."

मग मला सगळी हकिगत कळली. दिवसभर येणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकणारे हे लवूदादा कातळकोंडच्या ग्रामदेवीचे, नवलाईचे, मुख्य मानकरी होते. कंपनीच्या कॅन्टीनमागे दगडी चौथरा आहे, ज्यावर कॅन्टीनवाला कांद्याची पोती वाळत टाकतो. ती गावाची सहाण, म्हणजे शिमग्यात पालखी टेकवायची जागा. कंपनीची भिंत झाल्यापासून पालखी भिंतीला वळसा घालून जायची. सहा वर्षं लवूदादा दर शिमग्याला कंपनीतल्या कुणा ना कुणापुढे नारळ धरत होते. सिक्युरिटीवाल्यांनी ॲडमिनकडे पाठवलं, ॲडमिनने एचआरकडे, एचआरने पुण्याला विचारावं लागेल म्हणून सांगितलं. नारळ कुणी घेतला नव्हता.

"सा वर्सांत तू पयला," लवूदादा म्हणाले.

"परत करता येतो का हो?"

"येतो की. आन."

आम्ही दोघांनी डब्याकडे बघितलं. त्यात तीन वड्या होत्या.

"पालखी कधी आहे?" मी विचारलं.

"ह्या गुरवारी."

सानिका मॅडमनी ऐकून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिन्ही फोन खाली ठेवले.

"नारळ कुठाय?"

"संपला."

"संपला म्हणजे?"

"वड्या केल्या. तुम्ही घ्याल का एक?"

त्यांनी घेतली. सावर्ड्याच्या होत्या, देवीचं नाव निघाल्यावर त्यांना नाही म्हणवेना. पण त्यामुळे त्याही आता नारळात सामील झाल्या होत्या, आणि तसं मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी मला थेट प्लँटच्या मोठ्या साहेबांपुढे नेलं. साहेब बदलून येऊन चारच महिने झाले होते. पालखी अडवली तर गाव चिडेल आणि सोडली तर पुणे चिडेल, एवढं त्यांना पहिल्याच वाक्यात कळलं. त्यांनी सगळ्या खात्यांची मीटिंग बोलावली. एवढ्या मोठ्या मीटिंगला मी पहिल्यांदाच बसत होतो, आणि विषय मी खाल्लेला नारळ हा होता.

सेफ्टीवाल्यांनी हेल्मेट आणि बूट घातल्याशिवाय आवारात कुणालाही सोडणार नाही म्हणून सांगितलं. पालखी अनवाणी असते. शेवटी गेटपासून सहाणेपर्यंत चुन्याच्या दोन रेघा मारून मधला पट्टा तीन तासांपुरता आवाराबाहेरचा समजावा, असा तोडगा निघाला. मग सिक्युरिटीच्या अधिकाऱ्याने मूळ प्रश्न काढला. गेटमधून जे आत येतं ते एकतर माल असतं नाहीतर पाहुणा. पालखी यातलं काय?

"लाकूड आहे, चांदी आहे," स्टोअरवाले म्हणाले. "मालच. परत जाणार म्हणजे रिटर्नेबल मालाचा गेटपास लागेल. चलन कोण देणार?"

दाराशी लवूदादा उभे होते. ते इतकंच म्हणाले, "आई माल हाय काय?"

साहेब घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी निर्णय दिला. "पाहुणी म्हणून येऊ देत. सोबत पंचेचाळीस माणसं, जास्त नकोत. सगळी नोंद नव्या सिस्टीममधून. नियमात बसलं तर बसलं." यानंतर सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.

त्या दिवशी घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. श्रीपतीकाका म्हणाले, देवस्थानाकडून तीन प्रतींत अर्ज घे आणि पोच दे. आई म्हणाली, "ते राहू दे, देवीसमोर तोंड वर करून बोलू नकोस, आणि वड्या केल्याचं तिला आधी सांगून टाक." मला दोन्ही सल्ले तितकेच उपयोगी वाटले.

गुरुवारी दहा वाजता लांबून ढोल ऐकू यायला लागले. टॅबलेट चार्ज केलेला, प्रिंटरमध्ये कागदाचा रोल नवा. पालखी वळणावर आली आणि तिच्यापुढे लवूदादा. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा, हातात काठी. मी त्यांना ओळखलंच नाही. रोजच्या युनिफॉर्मात ते जितके मावत नव्हते, तितके या कपड्यांत मावत होते.

पंचेचाळीस माणसांची नोंद व्हायला दीड तास लागला. तेवढा वेळ भोई पालखी खांद्यावर घेऊन उन्हात उभे होते. मग देवीची पाळी आली. नाव: श्री नवलाई. मोबाइल लवूदादांचा. ओटीपी आला तो त्यांच्या फोनवर, फोन युनिफॉर्मच्या खिशात, आणि युनिफॉर्म केबिनमध्ये खिळ्याला. तो आणून झाला. येण्याचं कारण यादीतूनच निवडावं लागतं: मीटिंग, मुलाखत, डिलिव्हरी, दुरुस्ती, तपासणी. मी भीत भीत 'तपासणी' निवडलं. यजमान म्हणून माझं नाव घातलं. इतके दिवस ज्याला कुणी यजमान मिळाला नव्हता, तो आता देवीचा यजमान झाला होता.

मग फोटो. मी टॅबलेट पालखीसमोर धरला. शिमग्यात पालखीत देवीचे चांदीचे मुखवटे बसवतात. सिस्टीमने त्यांच्याकडे बघितलं, विचार केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "कृपया चेहऱ्यावरील मास्क काढा."

ढोल थांबले. पंचेचाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. टॅबलेटने पुन्हा एकदा तेच सांगितलं. मी आवाज बंद करायला गेलो आणि घाईत वाढवला, त्यामुळे तिसऱ्या वेळी ते कॅन्टीनपर्यंत ऐकू गेलं. शेवटी मी फोटोच्या जागी स्वतःचा फोटो काढला. पास छापून आला, त्यावर नाव नवलाईचं आणि चेहरा माझा, घामाघूम झालेला. लवूदादांनी तो पास पालखीत फुलांजवळ ठेवला आणि पालखी सहा वर्षांनी आत गेली.

आतलं काम थांबलं होतं. सहाणेवरची पोती हलवून, धुऊन तिच्यावर कुणीतरी रांगोळी काढली होती, आणि ती सानिका मॅडमनी काढली होती असं मागाहून कळलं. पालखी टेकली. लवूदादा पुढे झाले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवीपुढे खड्या आवाजात केलेली मागणी, आणि प्रत्येक मागणीला लोक होकार देतात.

"आई नवलाई, सा वर्सं तुला भिताडाभायेरनं जावं लागलं, त्याचा राग धरू नको."

"व्हय म्हाराजा."

"ह्या कंपनीत आमची पोरं कामाला हायत. मशिनीत कुनाचा हात जाऊ नये, कुनाचं वायट होऊ नये."

"व्हय म्हाराजा."

"आनि ह्या पोरानं तुजा नारळ घेतलान. खाल्लान पन. त्याला त्याचा कागद मिळू दे."

"व्हय म्हाराजा," पंचेचाळीस माणसं म्हणाली. मोठे साहेबही म्हणाले. ज्यांना मी स्टूल हातभर मागे सरकवायला लावलं होतं, ते माझ्या कागदासाठी देवीला सांगत होते. बॅगेतल्या त्या माहितीपत्रकाची मला आठवण झाली आणि खाली बघत मी उभा राहिलो.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पालखी आल्या वाटेने परत फिरत नाही. ती सहाणेवरून उठली आणि टँकरसाठी असलेल्या मागच्या गेटातून ढोल वाजवत पुढच्या वाडीला गेली. मागच्या गेटावर सिस्टीम नव्हती. लवूदादांनी सगळ्यांचे पास गोळा करून माझ्याकडे पाठवले. मी एकेक स्कॅन केला. पंचेचाळीस. आणि टॅबलेटवर लाल अक्षरांत: आवारात शिल्लक पाहुणे: एक.

"यज्ञेश," सानिका मॅडम म्हणाल्या, "तुझा पाहुणा आत आहे."

नियमच तसा होता. पाहुणा बाहेर पडेपर्यंत यजमानाची सुटका नाही. मी टॅबलेट उचलला आणि पालखीच्या मागे पळालो. तिसऱ्या घरी ती सापडली. पास मला दिसत होता, अबोलीच्या वळेसराखाली, म्हणजे गजऱ्याखाली, अर्धा. मी हात पुढे केला, तर घरच्या म्हातारीने, सगुणाआजीने, तो धरला.

"आईला दिलेलं परत घेत नायत, बाळा. पालखी देवळात गेली की बघ. आठ दिवस हायत."

आणि मी देवीला हात लावायला आलोय म्हणजे मला खांदा द्यायचा असणार, अशी कुणीतरी समजूत करून घेतली. पुढची वीस मिनिटं मी पालखी नाचवत होतो. गळ्यात टॅबलेट, पायांत सेफ्टी शूज. दर गिरकीला टॅबलेट मला 'आपण आवाराबाहेर आहात' असं कळवत होता.

साडेपाचला गेटवर परत आलो तेव्हा लवूदादा पुन्हा युनिफॉर्मात येऊन स्टुलावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तुजं पयल्यापास्नं चुकलं," ते शांतपणे म्हणाले. "आईला पावनी कशाला केलास? गाव तिचा, जागा तिची. पावने तुमी."

मला ते पटलं. इतकं पटलं की मी ताबडतोब टॅबलेटवर व्यक्तीच्या प्रकारांची यादी उघडली. पाहुणा, सप्लायर, कंत्राटदार, कर्मचारी आणि सगळ्यात खाली 'डायरेक्टर'. मालकीच्या जवळ जाणारं तेवढंच होतं, आणि डायरेक्टरला बाहेर पडताना स्कॅन करावं लागत नाही. मी नवलाईसमोर डायरेक्टर निवडलं. आकडा शून्य झाला. सहाच्या ठोक्याला अहवाल पुण्याला गेला आणि मी घरी जाऊन आईला प्रमाणपत्रासाठी भिंतीवर खिळा ठोकायला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी दहाला पुण्याहून विचारणा आली. सप्तसिंधूच्या संचालक मंडळावर श्रीमती नवलाई यांची नेमणूक कुणी केली, आणि त्यांच्या फोटोत मिशी कशी? साहेबांनी मला बोलावलं. मी खरं ते सांगितलं. पुण्याने अहवाल रद्द केला. सिस्टीममध्ये कुणीही कुणालाही डायरेक्टर करू शकत असेल, तर ती विश्वासाची नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. माझ्या मते त्यात चूक नव्हती.

"म्हणजे प्रमाणपत्र...?" मी विचारलं.

सानिका मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. मला भिंतीवरचा तो खिळा दिसायला लागला.

पण पुण्याच्या पत्राला दुसरा भाग होता. काल पंचेचाळीस बाहेरची माणसं आवारात शिरली, ती सगळी बाहेर पडली याचा पुरावा तासाभरात पाठवा. अहवालच रद्द झाल्यावर पुरावा आणायचा कुठून?

दारात लवूदादा उभे होते, काखेत रजिस्टर.

"रजिस्टर बंद करायला सांगितलं होतं ना?" मॅडम म्हणाल्या.

"सांगितल्यानीत. पन हात ऱ्हात नाय," लवूदादा अपराध्यासारखे म्हणाले.

पालखीबरोबर चालून आल्यावर त्यांनी स्टुलावर बसून एकेकाची नोंद केली होती. पंचेचाळीस नावं, वाडी, आत आल्याची वेळ, मागच्या गेटाने गेल्याची वेळ. कुणाचा मुलगा कुठल्या खात्यात आहे तेसुद्धा. साहेबांनी पान दोनदा मोजलं.

"यात देवीचं नाव नाही," ते म्हणाले.

"ह्यात येनाऱ्याचं नाव लिवतात, सायब," लवूदादा म्हणाले. "ती कुठं आली?"

साहेबांनी त्या पानावर सही करून ते पुण्याला पाठवलं. दुपारी उत्तर आलं: पुरावा समाधानकारक, यापुढे टॅबलेट असला तरी गेटवरचं रजिस्टर आणि ते लिहिणारा माणूस कायम ठेवावा. मी बॅगेतलं ते माहितीपत्रक काढलं, चार तुकडे केले आणि कॅन्टीनच्या बादलीत टाकून आलो. प्रोजेक्टचा निष्कर्ष तर निघालाच होता, मग साहेबांनी प्रमाणपत्राला नाही म्हटलं नाही. त्याचा मजकूर असा: 'यज्ञेश यांनी साठ दिवस परिश्रम करून गेटवरील हस्तलिखित रजिस्टर अत्यावश्यक असल्याचे कंपनीस पटवून दिले.' कॉलेजने ते मुकाट्याने स्वीकारलं. श्रीपतीकाकांनी मात्र उजेडात धरून नाक मुरडलं. "सही स्पष्ट वाचता येतेय," ते म्हणाले. "माणूस काही फार मोठा दिसत नाही."

साठाव्या दिवशी संध्याकाळी मी शेवटचा गेटवर आलो. लवूदादांनी स्टुलाखालून एक नारळ काढला आणि पुढे केला. मी हात मागे घेतले.

"लवूदादा, हा घेतला तर काय येईल?"

"काय नाय येत. ह्यो तुज्या आईला. वड्या कर म्हनावं."

मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. मी पानं मागे चाळत गेलो. रोज माझं नाव, रोज रत्नागिरी, आणि 'कोणाकडे'च्या रकान्यात एकाखाली एक आडव्या रेघा. आजच्या ओळीत मात्र ती जागा रिकामी होती. लवूदादांनी पेन घेतलं, चष्मा सारखा केला आणि जाड अक्षरांत लिहिलं: 'माझ्याकडे'. खाली सही केली. वाचता येणारी.

मी तो नारळ दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला.

"भायेर जायची वेळ घाल आदी," लवूदादा म्हणाले. "नाय तर पुनेवाले तुला पन डायरेक्टर समजतील."